वारं इकडं, पाणी तिकडं

तीस वर्षं मी फळ्यावर दोन बाण काढत आले. पांढऱ्या खडूनं वाऱ्याचा, निळ्या खडूनं सागरी प्रवाहाचा, आणि दोन्ही एकाच दिशेला. खानापूर तालुक्यातली मराठी शाळा, सातवी-आठवीचे वर्ग. समोरच्या निम्म्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसायचा. तसा तो आमच्यापासून फार लांब नाही. सकाळी बेळगावातून आंबोलीमार्गे निघालं की जेवणाच्या वेळेला वेंगुर्ल्यात. पण घाटावरचा माणूस घाट उतरणार तो लग्नाला नाहीतर देवाला. त्यामुळं माझे बाण बरोबर आहेत का, हे तपासायला कुणी आलं नाही.

शेवटी ते तपासले व्याह्यांनी.

लेक वेंगुर्ल्याला दिलीय. तिचे चुलत सासरे, म्हणजे आमचे थोरले व्याही, जन्मभर होडीवर. मी निवृत्त झाले त्या वर्षी डिसेंबरात लेकीकडं गेले होते. दुपारी सगळे किनाऱ्यावर बसलेलो. वारं वायव्येकडून, पदर सावरायला लावणारं. शिक्षकाची खोड जात नाही. नातवाला जवळ घेतलं आणि म्हटलं, "हे बघ, वारं असं खाली गोव्याकडं चाललंय की नाही? मग पाणीपण तिकडंच चाललं असणार."

व्याही जाळ्याची गाठ बघत होते. मान वर न करता म्हणाले, "वारो गोंयाकडे. पाणी मालवणाकडे."

"असं कसं होईल?"

"असां कसां म्हंजे? रात्री जाळा सोडला की सकाळी ता खंय गावता, ता माका ठाऊक. थंडयेत असांच. पावसात उलटा."

मला वाटलं, विहिणीची थट्टा चाललीय. नातू माझ्याकडं बघत होता आणि मी समुद्राकडं. किनाऱ्यावरून काही कळायचं नव्हतं. तिथं भरती-ओहोटीचा गोंधळ असतो, पाणी दर सहा तासांनी मन बदलतं. ते वजा केल्यावर खोल पाण्यात जो ओढा उरतो, त्याच्याबद्दल बोलायचा हक्क रात्रभर त्याच्यावर डुलणाऱ्या माणसाचा. तरी घरी आल्यावर मी पहिल्यांदा पाठ्यपुस्तकच काढलं. 'प्रमुख वाऱ्यांमुळे सागरी प्रवाह निर्माण होतात.' वाक्य जिथं होतं तिथंच होतं.

वाऱ्याचं मला लहानपणापासून कौतुक. बेळगावला वाऱ्याचं गाव म्हणावं इतकं तिथं वारं आहे. पावसाळ्यात घाटावरून मावळतीचं येतं ते छत्री उलटी करूनच जातं. दिवाळीच्या आगेमागे ते फिरतं आणि उगवतीचं सुरू होतं, कोरडं, सकाळी बोटं गार करणारं. आमचा आज्जा भाताच्या मळणीनंतर या वाऱ्यासाठी खळ्यावर बसून राहायचा. वावडीवर, म्हणजे उपणायच्या उंच तिवईवर, चढून सूप खांद्याच्या वर धरायचा. वारं लागलं की सूप हलवायचा; दाणे सरळ पायाशी पडायचे, पिशी, म्हणजे हलका भुसा, मावळतीकडं उडायची. वारं पडलं की सूपही खाली. एकदा मी विचारलं होतं, वारं कुठून येतं? म्हणाला, "जिथनं येतंय तिथनं येऊ दे की. खळ्यावर आलं म्हणजे झालं." माझं भूगोलाचं शिक्षण तिथूनच सुरू झालं असावं, आणि खरं सांगायचं तर फार काळ तिथंच थांबलं. वारं लागतं तिथं पिशी उडते, तसं वारं लागतं तिथं पाणी वाहतं. खळ्याचाच नियम मी समुद्राला लावला होता.

व्याह्यांनी सांगितलं ते खरं होतं. शास्त्रज्ञांना ते ठाऊकही होतं. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावलाला आहे, आमच्या घाटाच्या पायथ्याशीच म्हणा ना. तिथल्या सतीश शेट्ये, डी. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचं वारं वर्षातला बहुतेक काळ उत्तरेकडून दक्षिणेकडंच असतं. पाणी मात्र वर्षातून दोनदा तोंड फिरवतं. जून ते सप्टेंबर ते दक्षिणेकडं वाहतं, म्हणजे वाऱ्याबरोबर. तेवढे चार महिने माझे दोन्ही बाण बरोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र ते चक्क वाऱ्याच्या तोंडावर, उत्तरेला चालतं.

मग त्याला ढकलतं कोण?

इथं बाबांनो, जरा थांबून बसायला लागेल, कारण मला स्वतःला हे कळायला दोन उन्हाळे लागले.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेला गेला असाल तर तिथली दर्शनाची रांग आठवा. मागं कुठंतरी कुणी रेटा देतं. तो देणारा आपल्याला दिसत नाही. रेटा माणसामाणसांतून सरकत येतो, आपण पाऊलभर पुढं जातो, आणि तो आपल्याला ओलांडून गाभाऱ्याच्या दारापर्यंत पोचतो. माणसं जागच्या जागी, रेटा मात्र शंभर हात पुढं. समुद्रातली लाट ही अशीच. पाणी थोडंसं हलतं, बातमी लांब जाते.

आता अशी एक लाट घ्या जी वरच्या फेसाळ लाटांसारखी डोळ्यांना दिसत नाही. समुद्रात वर कोमट पाण्याचा थर आणि खाली थंड, जड पाणी; या दोहोंच्या सांध्यावरून ती चालते. आत तो सांधा कित्येक मीटर वर-खाली होतो, पण पृष्ठभागावर दिसतो तो फक्त काही सेंटीमीटरांचा चढ. वेग सेकंदाला दोन-तीन मीटर, म्हणजे दिवसाला दोनशेच्या आसपास किलोमीटर. पुण्याची गाडी ते अंतर तीन-चार तासांत कापते. पण गाडीला मुक्काम असतो, या लाटेला नाही.

पृथ्वी फिरत असल्यामुळं उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला उजवीकडं ओढ बसते. उजव्या हाताला किनारा असेल तर पाणी त्याच्यावर रेलतं आणि रेलूनच पुढं सरकतं. अंधारात भिंतीला उजवा हात लावून चालावं तसं. हात सुटला तर लाट विरते, म्हणून ती किनारा सोडत नाही. आमच्या अक्षांशावर तिची रुंदी किनाऱ्यापासून साधारण साठ-सत्तर किलोमीटर, बस्स. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे लॉर्ड केल्विन यांनी, १८७९ साली याचं गणित मांडलं म्हणून ही केल्विन लाट.

उजव्या हाताला किनारा धरून बंगालच्या उपसागरातून निघा. आंध्र, तमिळनाडू, खाली श्रीलंकेला वळसा, मग केरळ, कारवार, गोवा, वेंगुर्ले. भिंत कुठंच तुटत नाही. पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेच्या आसपास वाऱ्यानं दिलेला रेटा असा कोपरा वळून आपल्या बाजूला येतो, पाण्याची पातळी किनाऱ्याशी उचलतो आणि समोरून येणाऱ्या मंद वाऱ्याला न जुमानता पाणी उत्तरेला घेऊन जातो. त्याच्या पाठोपाठ उपसागरातलं कमी खारं पाणीही वळसा घालून अरबी समुद्रात शिरतं. यात जवळच्या वाऱ्याचा वाटा किती आणि लांबच्याचा किती, यावर अभ्यासकांची घासाघीस चालू असते. ती चालू दे. वेंगुर्ल्यातलं पाणी वेंगुर्ल्यातल्या वाऱ्याला विचारत नाही, एवढं मात्र पक्कं झालं.

हे वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी कणकुंबीला गेले. तडक. नवऱ्यानं विचारलं, "काय काम काढलंयस?" म्हटलं, "पाणी बघायला जायलोय." त्यांनी पुढं विचारलं नाही, शिक्षिकेशी चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळतं.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. कुंडातलं ते इवलंसं पाणी पूर्वेला निघतं, खानापूर, सौंदत्ती करत कुडलसंगमला कृष्णेला मिळतं आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. याच खानापूर तालुक्याच्या रानात म्हादईही जन्मते. ती पश्चिमेला उतरते, गोव्यात तिची मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्र गाठते. एकाच तालुक्यातला पाऊस, एका कड्यावरून दोन समुद्रांत. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावर राज्याराज्यांत किती वर्षं चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. लवादाचा निवाडाही २०१८ साली आला. त्यात मी शिरत नाही. आम्ही सीमाभागातली माणसं, पाणी कुठल्या बाजूला वळावं यावर बोलायला लागलो की पाणी बाजूला राहतं.

कुंडाच्या काठावर बसून मी बोटानं हवेत रेघ ओढली. मलप्रभा जिथं अखेरीला पोचते त्या पूर्व किनाऱ्यावरून लाट निघते, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालते आणि म्हादई जिथं पोचते त्या दारावरून पुढं जाते. पाणी इथं फुटून दोन दिशांना जातं, आणि तिकडं खाली त्याची बातमी पुन्हा एकत्र येते. कुंडातला एखादा थेंब स्वतःच श्रीलंका फिरून पणजीला पोचेल, असं कवितेत लिहायला छान आहे. पण तो नविलुतीर्थाच्या धरणाच्या पुढं तरी जातो का, हा आधीचा प्रश्न. सौंदत्तीचा ऊस त्याला सोडेल असं वाटत नाही.

नंतर मला नादच लागला. लाटेचा तो भिंतीला लावलेला हात दुसऱ्या टोकाला कुठं पोचतो ते बघायचं होतं.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे एक मोसमी वारं थांबलेलं आणि दुसरं अजून सुरू न झालेलं, अशा मधल्या दिवसांत हिंदी महासागरात विषुववृत्तावर पश्चिमेकडून वारं सुटतं. त्यानं पाण्याचा एक अरुंद, जोरकस झोत पूर्वेला धावतो. क्लाउस विर्टकी यांनी १९७३ साली तो दाखवून दिला म्हणून त्याला विर्टकीचा झोत म्हणतात. विषुववृत्ताच्या उत्तरेला पाण्याची ओढ उजवीकडं, दक्षिणेला डावीकडं. म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी दोन्ही बाजूंनी मधल्या रेषेवरच दाबलं जातं. जमीन नसलेल्या ठिकाणी भिंत तयार होते. त्या भिंतीवरून लाट सुमात्रापर्यंत जाते आणि तिथं तिचे दोन भाग होतात, वाटण्या करून घेणाऱ्या भावांसारखे. एक उत्तरेला वळतो; त्याचा उजवा हात किनाऱ्याला. अंदमान समुद्र, म्यानमार, बांगलादेश, आपला पूर्व किनारा, असा फिरत तो शेवटी आपल्या बाजूच्या गर्दीत मिसळतो. दुसरा दक्षिण गोलार्धात, डावा हात किनाऱ्याला लावून, सुमात्रा-जावाच्या कडेनं बालीपर्यंत जातो.

बाली आणि लोंबोक या दोन बेटांमध्ये एक सामुद्रधुनी आहे, अरुंद जागी वीसेक किलोमीटर रुंद. खानापूर-बेळगावपेक्षा कमीच. पॅसिफिकचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांतून हिंदी महासागरात उतरतं, त्याची ही एक वाट. २००४ ते २००६ या काळात तिथल्या सामुद्रधुन्यांत एकाच वेळी उपकरणं सोडून मोजमाप झालं, तेव्हा सगळ्या वाटा मिळून सेकंदाला दीड कोटी घनमीटर पाणी निघालं. त्यातले २६ लाख घनमीटर एकट्या लोंबोकमधून. आमच्याकडं अलमट्टीतून चार-पाच लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सोडलं की टीव्हीवर दिवसभर तेच. त्या मापानं लोंबोकमधून नऊ कोटी क्युसेक जातात, रोज, बिनबोभाट, उत्तरेकडून दक्षिणेला.

आणि वर्षातून काही दिवस हे पाणी उलटं वाहतं. दक्षिणेकडून उत्तरेला.

हे कसं होतं ते समजायला मला पुस्तक लागलं नाही. चिकोडी तालुक्यात दूधगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा चढली की दूधगंगेचं पाणी उतरायचं थांबतं, संगमापासून मागं मागं फुगत येतं, आणि ज्या शेतावर चार दिवस थेंब पडला नाही त्या शेतात पुराचं पाणी शिरतं. फुगवटा म्हणतात आमच्याकडं. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला फुगवटा शिकवावा लागत नाही. २०१९ चा ऑगस्ट अजून भिंतींवर आहे. लोंबोकचं तेच. पॅसिफिककडची पातळी उंच, हिंदी महासागराकडची खाली, म्हणून पाणी उतरतं. विषुववृत्तावरून निघालेली लाट दोन-तीन आठवड्यांनी बाहेरच्या तोंडाशी येते, तिथली पातळी उचलते, उतार मोडतो, आणि काही दिवस पाणी मागं फिरतं. १९९७ च्या मे महिन्यात अशी एक लाट संशोधकांच्या मोजमापात नेमकी सापडली. लोंबोकच्या कोळ्याच्या डोक्यावरचं वारं तेव्हा कुठलं का असेना, त्याचं पाणी फिरवणारं वारं कित्येक दिवसांपूर्वी हजारो किलोमीटर लांब वाहून थांबलेलंसुद्धा असतं.

सगळ्या सामुद्रधुन्या इतक्या लांबच्या तालावर नाचत नाहीत, हेही सांगायला हवं. इस्तंबूलच्या बॉस्फरसमध्ये वरचं पाणी काळ्या समुद्राकडून दक्षिणेला वाहतं, आणि त्याच्या पोटाखालून जड खारं पाणी उलट उत्तरेला. नैर्ऋत्येचं जोरदार वारं सुटलं की वरचं पाणीही तोंड फिरवतं. तिथले लोक त्या वाऱ्याला लोडोस आणि उलट्या पाण्याला ओरकोझ म्हणतात. तिथं वारं जवळचंच. पण मला तिथली आवडली ती दुसरीच गोष्ट. १६७९ साली मार्सिली नावाचा एक तरुण इटालियन इस्तंबूलला गेला. खालून उलटा प्रवाह आहे हे त्याला तिथल्या कोळ्यांकडून कळलं. त्यांना ते त्यांच्या जाळ्यांनी सांगितलेलं. त्यानं ते हसण्यावारी नेलं नाही. मध्ये फळी घातलेली एक टाकी घेतली, एका बाजूला हलकं पाणी, दुसऱ्या बाजूला रंगवलेलं खारं, फळीला वर आणि खाली भोक. वरून एक पाणी इकडं आलं, खालून दुसरं तिकडं गेलं. १६८१ साली ते छापूनही टाकलं. मी हे वाचलं तेव्हा किनाऱ्यावरची ती दुपार आठवून कानाची पाळी गरम झाली.

लाल समुद्राचं तोंड, बाब-अल-मंदेब, अश्रूंचं दार. तिथं हिवाळ्यात वरचं पाणी आत जातं, आपल्या पावसाळ्याच्या दिवसांत बाहेर येतं. लाल समुद्रावरचं उत्तरेचं वारं त्याला बाहेर लोटतं, आणि एडनच्या आखातात नैर्ऋत्य मोसमी वारं खालचं थंड पाणी वर उचलतं, ते मधल्या थरातून आत घुसतं. नैर्ऋत्य मोसमी म्हणजे आमचंच, आंबोलीला झोडपणारं, छत्री उलटी करणारं. इकडं पेरणी, तिकडं दाराची कडी. बेरिंगची सामुद्रधुनी मी नकाशात फक्त बघून ठेवली. तिथं पाणी उत्तरेला आर्क्टिककडं जातं आणि उत्तरेचं वादळी वारं त्याला कधीकधी मागं लोटतं. थंडीचं नुसतं वाचूनही मला बोचतं, म्हणून पुढं गेले नाही.

शाळेचं एक राहिलं. माझ्या हाताखालून गेलेली किती पोरं तो निळा बाण डोक्यात घेऊन फिरतात कुणास ठाऊक. त्यातला एक परवा बेळगावच्या मासळी बाजारात भेटला. बांगडे घासाघीस करून घेत होता. "बाई, ओळखलात की नाही?" ओळखलं. तिथंच, बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून, मी त्याला पश्चिम किनाऱ्याचा हिवाळी प्रवाह समजावायला लागले. पाच मिनिटं ऐकलं बिचाऱ्यानं. मग म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्ही शिकवलेलं चूक होतं काय?" म्हटलं, "पावसाळ्यापुरतं बरोबर होतं रे." मासेवाली मोठ्यानं हसली.

आता माझ्याकडं एक वही आहे. तिच्यात दोन रकाने. पहिल्यात मी लिहिते: वारं फिरलं. आज्जाचं खळं आता नाही, मळणी यंत्रावर होते. पण घरामागं उभी राहून मूठभर भाताची पिशी उधळते, मावळतीकडं उडाली की तारीख टाकते. शेजारीण बघते आणि काही बोलत नाही. दुसरा रकाना व्याह्यांचा. पाणी मालवणाकडं ओढायला लागलं की ते फोन करतात. फोनवर ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "बाई, पाणी फिरला." मी विचारते, नक्की का? ते फोन ठेवून देतात.

यंदा पहिला रकाना भरून बरेच दिवस झाले. पिशी रोज मावळतीकडं उडते. काल रात्री मीच फोन लावला, तर व्याह्यांच्या सुनेनं घेतला. म्हणाली, मामंजी होडीवर आहेत, पाणी अजून मन बदलत नाही म्हणतात. दुसरा रकाना मोकळाच ठेवलाय.